निकाल

दसऱ्याला मी जळकोटला नानांकडे गेलो होतो. आपट्याची पाने देऊन झाली आणि नानांनी विचारले, "काय मास्तर, पेपरात काय?"

सांगावे तरी काय? सप्टेंबरच्या पावसाने नानांचे सोयाबीन आडवे केले होते. मी आपली सायकलींची बातमी काढली. 28 सप्टेंबर 2025 रोजी रवांडातल्या किगाली शहरी रस्त्यावरच्या सायकलशर्यतीचे जागतिक अजिंक्यपद झाले. आफ्रिकेत हे प्रथमच. अंतर 267.5 किलोमीटर, म्हणजे जळकोटहून जवळजवळ हैदराबाद, आणि तेही सारे चढउतार! स्लोव्हेनियाचा पोगाचार सलग दुसऱ्या वर्षी पहिला आला, बेल्जियमचा एव्हेनेपूल दुसरा, आयर्लंडचा हीली तिसरा.

"आपला कुणी?"

"पहिल्या तिघांत नाही, नाना. पण 2015 साली नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी आळीपाळीने सायकल मारत अख्खी अमेरिका ओलांडली, नऊ दिवसांच्या आत!"

नाना खूष झाले. मग मी पुढचा आकडा वाचला : निघाले 165, पोचले 30. पडलो परीक्षक, सवयीने म्हणून गेलो, "अठरा टक्के निकाल. बाकी सारे नापास."

नाना शेताच्या दिशेने पाहत होते. "नापास कसं रं? दमले, उतरले. पुढल्या साली येतीलच की परत."

मी पेपर घडी करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना हरभऱ्याच्या बियाण्याची चौकशी करायला नळदुर्गला निघाले. सायकलवरूनच!