गव्हाचे अनुदान आणि घोटीचा भात

केंद्र सरकारने २०२६-२७ च्या विक्री हंगामासाठी गव्हाची आधारभूत किंमत क्विंटलला २,५८५ रुपये ठरविली. किंमत देशभर एकच. लुधियानाच्या शेतकऱ्यास ती जितकी लागू, तितकीच घोटीच्या परिसरात भात निघाल्यावर उरल्या ओलीवर गहू पेरणाऱ्यासही. मात्र लुधियानात सरकार ती मोजते. घोटीत ती वर्तमानपत्रात छापून येते.

प्रश्न किमतीचा नसून खरेदीचा आहे. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ व कृषिमूल्य आयोग स्थापन झाले, तेव्हा देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता. जेथे कालव्याचे पाणी तेथेच प्रथम मंड्या, गोदामे आणि सरकारी काटे जावेत, हे त्या वेळी समजण्यासारखे होते. पण साठ वर्षे लोटली तरी काटा तेथून फारसा हललेला नाही. २०२१-२२ मध्ये सरकारने ४३३ लाख टन गहू खरेदी केला. त्यात महाराष्ट्राचा वाटा नगण्य होता. निफाडच्या संशोधन केंद्राने गव्हाचे वाण द्यावेत आणि त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने पीक व्यापाऱ्याच्या दारात टाकावे, अशी ही व्यवस्था आहे.

इतर अनुदानेही पाण्यामागे धावतात. महाराष्ट्राने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत केली. ज्याचे खाचर केवळ पावसावर पिकते त्याच्याकडे पंपच नाही. ज्याला पाणी अधिक त्याला युरियाच्या गोण्याही अधिक, आणि गोणीमागे अनुदानही.

म्हणून पंजाबच्या शेतकऱ्याचा हेवा करावा काय? तसे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना दोघांचेही अनुदान बंद झालेले हवे आहे. २०२१ च्या जानेवारीत दिल्लीच्या वेशीवरील शेतकऱ्यांना पाठिंबा देण्यासाठी नाशिकहून निघालेले किसान कसारा घाट पायी उतरले. त्याआधी मार्च २०१८ मध्ये वनजमीन व हमीभाव मागणारा आदिवासी शेतकऱ्यांचा मोर्चा याच महामार्गाने मुंबईला गेला होता. त्यांनी पंजाबचे काढून घ्या असे म्हटले नाही.

घोटीचे खरे पीक भात. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण भाताचा हमीभाव २,३६९ रुपये आहे. इंद्रायणीसारख्या वाणाला बाजारात कधी याहून अधिक मिळते, हे खरे. जाड भात पिकविणाऱ्याचे तसे नाही. त्याच्यासाठी आदिवासी विकास महामंडळाची आधारभूत खरेदी आहे. पण आवणीला घेतलेली उसनवारी भात खळ्यावर येताच फेडावी लागते. केंद्र महिनाभर उशिरा उघडले, की घरी राखावयाचे भात गाडीत चढलेले असते. केंद्र वेळेवर उघडले तरी ओलावा सतरा टक्क्यांच्या आत हवा. ऑक्टोबरअखेर पाऊस रेंगाळणाऱ्या या तालुक्यात गरिबाने भात वाळवावे कोठे? शिवाय सातबारा हवा, त्यावर पीकपाहणीची नोंद हवी. बटाईने कसणाऱ्याच्या नावावर यापैकी काहीच नसते. काट्यावर त्याचे भात जमीनमालकाचे होते. राज्य शासनाने २०२३-२४ च्या खरिपासाठी भाताला हेक्टरी वीस हजारांचा बोनस, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केला. हेक्टर मोजायचा म्हटले की पुन्हा सातबाराच आला.

हाच कसणारा पुढे स्वस्त धान्य दुकानासमोर उभा राहतो. जानेवारी २०२३ पासून माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, आणि ते मिळालेच पाहिजे. त्यात कपात सुचविणाऱ्यांना थारा देता कामा नये. परंतु स्वतःचे भात पडेल भावाने विकून परप्रांतातून आलेला तांदूळ घरी न्यावा लागतो, यात वाहतुकीवर होणारा खर्चही अनुदानाच्याच खात्यावर लिहिला जातो. १९९७-९८ पासून विकेंद्रित खरेदीची योजना आहे. त्या योजनेखाली इथलेच भात घेऊन, इथल्याच गिरण्यांत भरडून, इथल्याच दुकानांत देता येते.

कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांतून एवढे तरी ठरावात आणावे: खरेदी केंद्र दिवाळीपूर्वी उघडावे, भात वाळविण्यासाठी केंद्राजवळ छपराचे ओटे बांधावेत, बटाईदाराचे भात ग्रामसभेच्या दाखल्यावर त्याच्याच नावे घ्यावे, आणि रब्बीत गव्हाचा एक तरी काटा तालुक्यात लागावा.