ट्रायल मारून येतो!

कुठल्याही गॅरेजमधलं सगळ्यात निरागस वाक्य कोणतं? ‘पाचच मिनिटं ताई, एक ट्रायल मारून येतो.’ आपण मान डोलावतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. गाडी कोण घेऊन गेलं, कुठे गेलं, त्याच्याकडे लायसन्स आहे का, असले प्रश्न आपल्याला पडतच नाहीत. मलाही कधी पडले नव्हते. गेल्या दिवाळीत परतूरला पडले.

परतूर म्हणजे आमचं गाव. जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. गाडी बाबांच्या नावावर, एमएच २१ पासिंगची, पण पुण्यात ऑफिसांच्या चकरा मारायला मी वापरते. येताना क्लच जड लागत होता. बाबा म्हणाले, ‘आपल्या मिस्त्रीकडे टाकू, तासाभरात करून देईल.’ हा मिस्त्री बाबांच्या पहिल्या स्कूटरपासूनचा. त्याला चावी देताना आमच्याकडे कुणी विचार करत नाही.

क्लच झाला. त्याच्या हाताखालचं पोरगं ट्रायलला गाडी घेऊन वाटूर रोडला लागलं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मग फोन आला. वळणावर एका सायकलवाल्या काकांना आरसा लागला होता. काका पडले, मनगट मोडलं.

आम्ही पोचलो तेव्हा गर्दी जमली होती आणि गर्दीचा एकच प्रश्न होता, ‘गाडी कुणाची?’ चालवत कोण होतं, हे कुणीच विचारत नव्हतं. पोरगं बाजूला थरथरत उभं होतं. बाबा पुढे झाले आणि म्हणाले, ‘माझी.’

काकांना दवाखान्यात नेलं, प्लॅस्टर झालं, मग आम्ही सगळे पोलीस ठाण्यात. तिथे तीन गोष्टी मागितल्या: आरसी, इन्शुरन्स आणि चालवणाऱ्याचं लायसन्स. पहिल्या दोन माझ्या मोबाइलमध्ये होत्या. तिसरीसाठी सगळ्यांनी पोराकडे बघितलं, आणि मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. मिसरूड नुकतं फुटलेलं.

‘वय काय रे तुझं?’
‘एकोणीस.’
‘लायसन्स?’
‘हाय ना. दुसऱ्या शर्टात राहिलं.’

मिस्त्री मोटारसायकल काढून त्या शर्टाच्या शोधात गेला. तो यायला पाऊण तास लागला. बाबा एक शब्द बोलले नाहीत. मी मोबाइलवर मोटार वाहन कायदा वाचत बसले, आणि वाचेन तशी माझी टरकत गेली.

लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिली, तर मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चालवणारा १८ च्या आतला असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मामला फारच गंभीर आहे. मालकाला २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. ‘मला माहीत नव्हतं’ हे चालतं, पण ते मालकाने सिद्ध करायचं. गॅरेजमध्ये ‘छोटू’ म्हणून हाक मारतो तो पोरगा नक्की किती छोटा आहे, हे आपण कधी विचारलंय?

आणि काकांच्या मनगटाचा खर्च? इथे मात्र आपल्याच शेजारच्या गोव्यातली एक केस धीर देते: ‘गुरू गोवेकर विरुद्ध फिलोमेना लोबो’. गाडी दुरुस्तीसाठी मेकॅनिकच्या ताब्यात असताना अपघात झाला आणि एक बाई जखमी झाल्या. प्रश्न असा की, गाडी मालकाच्या हातात नव्हतीच, मग विमा कंपनीने पैसे का द्यावेत? १९८८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, द्यावेच लागतील. मालकाने स्वतःहून मेकॅनिककडे गाडी सोपवली, म्हणजे ती वापरायची मुभा दिली. सक्तीचा थर्ड पार्टी विमा आहे तो रस्त्यावरच्या माणसासाठी. स्टिअरिंगवर मालक होता की मेकॅनिक, याचं त्या जखमी माणसाला काय?

मला हा फंडा एकदम पटला. थर्ड पार्टी विम्यात इजेच्या किंवा मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. आज मनगट होतं, उद्या जीव असता. ती रक्कम ना मिस्त्रीच्या गल्ल्यात असती, ना बाबांच्या पेन्शनमध्ये.

पण यात एक मेख आहे. लायसन्स. २००४ च्या ‘स्वर्ण सिंग’ निकालाचा सारांश असा: चालवणाऱ्याकडे लायसन्स नसलं तरी कंपनीला जखमीला पैसे द्यायला लावता येतात, मात्र मालकाने निष्काळजीपणा केला असेल, तर तेच पैसे ती मालकाकडून वसूल करू शकते. मालकाने पुरेशी काळजी घेतली असेल, तर तो सुटतो. म्हणजे सगळा डोलारा एका प्रश्नावर उभा, ‘लायसन्स आहे का रे?’ आणि तो प्रश्न आम्ही कुणीच विचारला नव्हता.

हे झालं दुसऱ्याच्या नुकसानीचं. आपल्या गाडीचं काय? नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर आपल्या फुटलेल्या दिव्याचा एक रुपयासुद्धा मिळत नाही. पॅकेज पॉलिसीत ‘वैध लायसन्स असलेली कोणतीही व्यक्ती’ चालवू शकते, हे बरं. पण त्याच कागदावर वापराच्या मर्यादांची यादी असते, आणि तिच्यात शर्यतीबरोबर ‘मोटर ट्रेड’साठीचा वापरही वगळलेला असतो. दुरुस्तीनंतरची ट्रायल त्यात मोडते का, यावर वाद घालायला ती एक ओळ पुरते. म्हणून आपल्या कंपनीला हे ईमेलवर विचारून ठेवलेलं बरं. शिवाय क्लेम घेतला की नो क्लेम बोनस गेला. वर्षानुवर्षं क्लेम न करता ५० टक्क्यांपर्यंत चढवलेली सूट, चूक दुसऱ्याची असली तरी शून्यावर! आणि तो सक्तीचा १५ लाखांचा अपघात विमा? तो मालक-चालकाचा. गाडी चालवताना मेकॅनिकला लागलं, तर तो त्याच्या कामाचा नाही.

मग गॅरेजची जबाबदारी काहीच नाही? आहे ना. १८७२ चा करार कायदा म्हणतो, तुमच्याकडे सोपवलेली वस्तू तुम्ही शहाण्या माणसाने स्वतःची जपावी तशी जपायची. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावून सुटका होत नाही. दिल्लीतल्या ताज महाल हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून १९९८ साली एक मारुती झेन चोरीला गेली होती. पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं होतं. तरी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेललाच जबाबदार धरलं. गॅरेजने हात वर केले, तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. गॅरेजवाल्यांसाठी ‘मोटर ट्रेड’ विमाही मिळतो. आपल्या गॅरेजकडे तो आहे का, हे विचारायला काय हरकत आहे?

तुम्ही म्हणाल, हे गावाकडचं झालं, आम्ही तर एसी लाउंजमध्ये कॉफी पितो. बरोबर. पण सोसायटीच्या गेटवरून ‘पिकअप अँड ड्रॉप’ला गाडी नेणारा मुलगा कोण असतो? वीकेंडला हॉटेलच्या दारात चावी कुणाच्या हातात देता? युनिफॉर्म म्हणजे लायसन्स नव्हे यार. जॉब कार्डवर किलोमीटरचा आकडा लिहून घ्या, चावी देण्याआधी गाडीचे फोटो काढा, चालवणाऱ्याच्या लायसन्सचा फोटो मागा. दोन मिनिटांचं काम आहे.

अवघड आहे ते विचारणं. परतूरमध्ये तर फारच. वीस वर्षं ओळखीच्या मिस्त्रीला ‘लायसन्स दाखव’ म्हणणं म्हणजे जवळजवळ अपमान. त्या दिवशी शर्ट सापडला, लायसन्स निघालं, नोंद झाली, विमा कंपनीला कळवलं. काकांच्या औषधांचे पैसे मिस्त्रीने न मागता दिले. पण तो पाऊण तास बाबा अजून विसरलेले नाहीत.

संक्रांतीला पुन्हा गेले, तेव्हा हॉर्न बिघडला होता. मी मनाचा हिय्या केला. ‘काका, ट्रायलला कोण जाणार? लायसन्स बघते जरा.’ मला वाटलं, आता चिडणार. मिस्त्रीने खिशातून स्वतःचं लायसन्स काढून बॉनेटवर ठेवलं आणि म्हणाला, ‘बघा की ताई. अन् तुमचा इन्शुरन्स चालू हाय का, ते पण दाखवा. बिनइन्शुरन्सची गाडी मी बी रोडवर काढत नसतो आता.’

मी मोबाइल काढून पॉलिसी दाखवली. त्याने तारीख नीट वाचली, आणि मगच चावीला हात लावला.