श्रेष्ठ राष्ट्राध्यक्ष कोण? आधी मापदंड ठरवा!



पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात आपली मुले आता जगाचा इतिहास वाचू लागली आहेत. पाळी संपवून आलेला तरुण विहाराच्या ओट्यावर बसतो आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांत श्रेष्ठ कोण, यावर तावातावाने वाद घालतो. ज्यांच्या पणजोबांना अक्षर वर्ज्य होते त्यांच्या पणतवंडांनी असा वाद घालावा, याचा आम्हांस अभिमानच वाटतो. कोणी वॉशिंग्टनचे नाव घेतो, कोणी रूझवेल्टचे, कोणी केनेडीचे. आणि अखेर बहुतेकांचा कौल अब्राहम लिंकन यांना मिळतो, कारण त्यांनी गुलामांना मुक्त केले. येथपर्यंत आमची तक्रार नाही. परंतु त्यापुढे जाऊन एखादा वक्ता जेव्हा सांगतो की ‘बाबासाहेब म्हणजे भारताचे लिंकन’, आणि आपण सारे टाळ्या वाजवतो, तेव्हा त्या टाळ्यांवर आमचा आक्षेप आहे.

प्रथम लिंकन यांचाच हिशेब पाहू. अमेरिकेच्या पहिल्या बारा राष्ट्राध्यक्षांपैकी दहा जण आयुष्यात केव्हा ना केव्हा गुलामांचे मालक होते. सर्व माणसे समान आहेत, असे १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणारे जेफर्सनही शेकडो गुलामांचे धनी होते. या मालिकेत लिंकन निश्चितच उंच दिसतात. पण २२ ऑगस्ट १८६२ रोजी होरेस ग्रीली या संपादकास लिहिलेल्या पत्रात त्यांनीच स्पष्ट केले की, आपले मुख्य ध्येय देशाची एकी टिकवणे हे आहे. एकाही गुलामाला मुक्त न करता ती टिकली तरी आपण तसेच करू. १ जानेवारी १८६३ चा त्यांचा मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर राज्यांपुरताच होता. जी गुलामगिरीची राज्ये बंडात सामील झाली नव्हती, तेथील गुलामांच्या बेड्या त्या कागदाने तुटल्या नाहीत. बाबासाहेबांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या, काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांचे काय केले याविषयीच्या ग्रंथात हे पत्र समोर ठेवून आपल्याला सावध केले आहे. ज्यांनी स्वतः लिंकन यांची अशी कठोर तपासणी केली, त्यांनाच आपण ‘भारताचे लिंकन’ म्हणावे काय?

मग त्या बेड्या तोडल्या कोणी? युद्धाच्या पहिल्याच वर्षी, मे १८६१ पासून, गुलाम मळे सोडून उत्तरेच्या सैन्याच्या छावण्यांकडे पळू लागले होते. मुक्तीचा जाहीरनामा निघाला तो त्यानंतर. पुढे सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय माणसे उत्तरेच्या सैन्यात लढली. फ्रेडरिक डग्लस हा गुलामीत जन्मलेला आणि १८३८ मध्ये गुलामीतून निसटलेला पुरुष लिंकनवर सतत दबाव आणीत होता. १८७६ मध्ये वॉशिंग्टन शहरात लिंकन यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्या समारंभात सत्ताधाऱ्यांच्या देखत डग्लस बोलले की, लिंकन हे मूलतः गोऱ्यांचे राष्ट्राध्यक्ष होते आणि आम्ही त्यांची फार तर सावत्र लेकरे. त्याच भाषणात त्यांनी लिंकन यांच्या कार्याचा मनःपूर्वक गौरवही केला. पाहा, कृतज्ञता कशी असावी! हात जोडलेले नाहीत, मान ताठ आहे आणि उपकाराचे माप अचूक आहे. बाबासाहेबांना अमेरिकेच्या इतिहासात सोबती शोधायचाच असेल तर तो राष्ट्राध्यक्षांच्या यादीत शोधू नका. तो डग्लसजवळ सापडेल. लिंकन यांनी दुसऱ्यांची गुलामी पाहिली. डग्लस आणि बाबासाहेब यांनी ती स्वतःच्या अंगावर सोसली आणि मग मोडली.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. पुण्याच्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेला अर्पण केली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण कोणाला अर्पण केली, हे नीट वाचतो काय? त्या वेळी लिंकन यांचा खून होऊन आठ वर्षे झाली होती आणि त्यांचे नाव जगभर गाजत होते. तरीही जोतीरावांनी ती अर्पणपत्रिका कोणा राष्ट्राध्यक्षाच्या नावे लिहिली नाही. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांच्या नावे लिहिली. राज्यकर्ता आणि लोक यांतील हा भेद जोतीरावांना कळत होता.

एका थोर पुरुषावर सारी भिस्त ठेवल्याचे फळ काय होते, तेही अमेरिकेतच पाहावे. लिंकन यांच्यामागून आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा नाकारला. तो त्यांच्या नकारावर मात करून विधिमंडळाला संमत करावा लागला. १८७७ मध्ये हेज यांच्या कारकिर्दीत दक्षिणेतील उरलेसुरले संरक्षणही काढून घेतले गेले आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार तेथे पुढे जवळजवळ नाममात्र उरला. तो खऱ्या अर्थाने परत मिळण्यास १९६५ उजाडले. त्या वर्षीच्या कायद्यावर सही लिंडन जॉन्सन यांची आहे, परंतु त्या सहीआधी सेल्मा गावच्या पुलावर लाठ्या खाल्ल्या त्या सामान्य स्त्री-पुरुषांनी. रूझवेल्ट यांनी १९४१ मध्ये युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वर्णभेदास मनाई केली, ती रॅन्डॉल्फ या कामगार पुढाऱ्याने राजधानीवर मोर्चा नेण्याचा इशारा दिल्यानंतर. कारखान्यात राबणाऱ्या आपल्या वाचकाने ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

आपल्या घरचा इतिहास वेगळे सांगतो काय? सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव आणला. बोले यांचे ऋण आपण मानतो. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. पण चवदार तळ्याचे पाणी ओठांना लागले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांमागून चालत गेलेल्या हजारो पावलांमुळे! १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्याला केंद्राच्या सवलती नाकारण्यात आल्या. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्याच्या मागणीपत्रात बौद्धांच्या सवलतींची मागणी होती. ती केंद्राने मान्य केली १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात. त्या सरकारचे आभार जरूर माना. पण मधली चौतीस वर्षे निवेदने देत, मोर्चे काढीत, तुरुंगात जात ज्यांनी मागणी जिवंत ठेवली, ते कोण होते? ते तुमचेच आजोबा-आजी होते.

तेव्हा थोरवीचा आमचा मापदंड ऐका. राज्यकर्त्याचे चारित्र्य, वक्तृत्व आणि पुतळे यांवरून तो मोठा ठरत नाही. पिडलेल्या माणसांनी दार ठोठावले असता त्याने ते उघडले काय, आणि उघडलेले दार त्याच्यामागे कोणास बंद करता येऊ नये अशी कायद्याची बिजागरी बसवली काय, हे दोनच प्रश्न विचारा. या कसोटीवर लिंकन यांना आम्ही पुष्कळ गुण देऊ, कारण गुलामगिरी कायमची रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ च्या जानेवारीत प्रतिनिधिगृहात संमत व्हावी म्हणून ते झटले. गुण देऊ, पण पूजा करणार नाही.

ही कसोटी आपल्याच पुढाऱ्यांनाही लावा. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त भाषण करताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी राजकारणातील भक्तीला अधोगतीचा मार्ग म्हटले. २५ डिसेंबर १९५४ रोजी याच पट्ट्यातील देहूरोड येथे त्यांनी आपल्या हातांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. आणि मूर्ती तरी कोणाची? ज्या तथागतांनी आपल्यामागे वारस नेमण्याचे नाकारले आणि प्रत्येकाला स्वतःचा दीप होण्यास सांगितले, त्यांची!

दर वर्षी २५ डिसेंबरला आपण देहूरोडला जातो. तेथून परतताना स्वतःस विचारा: आपण मुक्तिदात्याची वाट पाहणारे आहोत, की मुक्ती मिळवणारे? कंत्राटदाराने पगाराची पावती दिली नाही तर ती मागण्यासाठी आपण ‘साहेबां’च्या चिठ्ठीची वाट का पाहावी? चौघांनी मिळून ती मागावी. जनगणनेचा कर्मचारी दारी येईल तेव्हा धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहून घ्यावे आणि लिहिलेले डोळ्यांनी पाहावे. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागावे. ही कामे लहान दिसतात. राष्ट्राध्यक्षांच्या सह्या मात्र अशाच कामांच्या रेट्याने होत असतात.

विहाराच्या ओट्यावरचा वाद चालू राहू द्या, तरुणांनो. पण यापुढे प्रत्येक थोर नावासमोर एक प्रश्न लिहा: याला सही करण्यास कोणी भाग पाडले? त्याचे उत्तर शोधाल तेथे तुम्हांला तुमचीच माणसे भेटतील.

जय भीम!