कुत्र्याचे शेपूट आणि आपली नळी

‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली आहे. ती माणसाच्या खोडीबद्दल आहे हे मला ठाऊक आहे. पण गेल्या भाद्रपदात ती आमच्या घरी खऱ्याखुऱ्या कुत्र्याबद्दल दिवसातून चार वेळा ऐकू येऊ लागली, आणि तेव्हापासून माझे या म्हणीशी भांडण आहे.

माझे वडील मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे, मुंबईच्या एका गृहस्थांच्या बंगल्यावर राखणदार होते. २०२५ मध्ये त्यांनी जागा विकली. सामान गेले, गाडी गेली, कुत्रा तेवढा राहिला. नाव रॉकी, वय पाच-सहा वर्षे. पाळलेले जनावर असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण राखणदाराने मालकावर फिर्याद करायची म्हणजे काय, ते वाचकांनीच ठरवावे. असो. बाबांनी दोरी धरली आणि त्याला घरी आणले.

आमचे घर अर्धे जुने, अर्धे नवे. पुढे सारवलेली ओटी आणि माजघर, मागे घरकुल योजनेतली लादीची खोली. रॉकी ओटीवर कधी घाण करीत नसे, लादीवर मात्र रोज. आजी म्हणे, “शेणाला मानतो मुका जीव.” बाबा म्हणत, “माजलाय.” त्यांनी त्याचे नाक लादीवर घासले, वेताची छडीही दिली. दोन दिवस खोली कोरडी राहिली. आम्ही खूश! तिसऱ्या दिवशी भाताच्या कणगीमागून वास आला. मारातून तो एवढेच शिकला होता, की हे काम माणसांच्या देखत करायचे नाही. त्यामुळे तो आता बाहेर नेले तरी आमच्यासमोर करीना, आणि घरात आल्यावर कोपरा शोधी. बाबांनी निकाल दिला : म्हशाच्या जत्रेपर्यंत सुधारला तर ठीक, नाहीतर टेम्पोत घालून माळशेज घाटात सोडायचा. तिथे बिबट्यापुढे त्याचे काय होणार हे सांगायला नको.

मी रोज एस.टी.ने किन्हवलीमार्गे शहापूरला कॉलेजला येते. त्या प्रवासात मी या कोड्याचा विचार करी. शेवटी बाबांनाच विचारले, “बंगल्यावर त्याला कुठे बांधायचे?” बाबा म्हणाले, “मागच्या पडवीत. लादीवर. रात्रंदिवस.” म्हणजे पाच वर्षे ज्याला लादीखेरीज दुसरी जागाच मिळाली नव्हती, त्याने लादी पाहून तेच केले. पायाखाली जे लागते त्यावरून कुत्रा आपली जागा ओळखतो. तो शिकलेलाच होता. धडा तेवढा वेगळा होता.

पुढचे काम बुद्धीचे कमी आणि पहाटे उठण्याचे जास्त होते. लादीच्या खोलीला कडी घातली. पाच वाजता, प्रत्येक खाण्यानंतर आणि रात्री निजण्यापूर्वी दोरी बांधून त्याला रोज एकाच शेवरीच्या झाडाखाली न्यायचे व मुकाट उभे राहायचे. त्याने कार्यभाग उरकला की तिथल्या तिथे सुकटाची चिमूट. घरी येऊन दिली तर ती घरी येण्याची बक्षिसी होते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची घंटा आपण पुस्तकात वाचतो, तिचा अर्थ मला शेवरीखाली कळला. फिनाईलने आपल्या नाकाला बरे वाटते, पण कुत्र्याच्या नाकाला जुनी खूण लागतेच. म्हणून लादी साबणाने घासून वर व्हिनेगरचे पाणी फिरवले. (व्हिनेगर मुरबाडला चायनीजच्या गाडीवाल्याने दिले, आणि कशाला हवे म्हणून दहा प्रश्न विचारले.) थोराड कुत्रा पिल्लापेक्षा जास्त वेळ कळ काढू शकतो, त्यामुळे खरे तर हे काम सोपे असते. शिकूनही एखादा अचानक घरात करू लागला तर मात्र आधी गुरांच्या डॉक्टरला दाखवावे, ते दुखणेही असू शकते.

जुनी सवय म्हटली की मला आजोबा आठवतात. स्वच्छ भारत योजनेत आमच्याकडे संडास झाला तेव्हा त्यांनी त्यात दोन वर्षे गोवऱ्या रचल्या आणि तांब्या घेऊन ओढ्याकडे जाणे चालू ठेवले. त्यांचे नाक कोणी कुठे घासले नाही. सगळ्यांनी समजून घेतले, की सत्तर वर्षांचे वळण आहे, वेळ लागेल. मग रॉकीलाच दोन आठवड्यांची मुदत का?

महाभारताच्या आदिपर्वात सरमेच्या पिल्लाची गोष्ट आहे. जनमेजयाच्या यज्ञात त्याच्या भावांनी या पिल्लाला मारले. ना त्याने हविर्द्रव्य चाटले होते, ना तिकडे पाहिले होते. सरमा येऊन विचारते, याचा अपराध काय? कोणीही उत्तर देत नाही. युधिष्ठिराच्या शेवटच्या कुत्र्याची कथा सर्वांना माहीत आहे; मला ही सुरुवातीची जास्त जवळची वाटते. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मी एका कचेरीत चुकीच्या खिडकीपुढे उभी राहिले, तेव्हा “कॉलेजात शिकता ना, एवढे कळत नाही?” असे साऱ्या रांगेपुढे ऐकले. आमच्या घरातून याआधी कोणी कॉलेजातच गेले नव्हते, मग खिडकी कोण सांगणार? ज्याला नियम कधी सांगितलाच नाही, त्याने तो मोडला असे म्हणणे मला पटत नाही.

२२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भटका कुत्रा दत्तक घ्यायला हरकत नाही, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची. कुत्रा पुन्हा रस्त्यावर येण्याचे एक कारण ओली लादी हेही असते, आणि त्यावर आपल्याकडे छडी व म्हण या दोनच गोष्टी तयार असतात.

पौष पौर्णिमेला टेम्पो म्हशाला गेला. त्यात आजी, आजोबा आणि शेजारची पोरे होती, रॉकी नव्हता. परवा गावात वरातीचे फटाके वाजले आणि घाबरून त्याने पुन्हा एकदा लादी ओली केली. बाबांनी त्याच्याकडे पाहिले, मग खुंटीवरचे फडके काढले आणि मला म्हणाले, “ते चायनीजवाल्याचे पाणी कुठे ठेवलेस?”