फक्त वर्गणीदारांसाठी

दसरा उलटला की घराघरांत झाडलोट सुरू होते. पोटमाळे रिकामे होतात, ट्रंका उन्हात येतात आणि सांगली-मिरजेच्या रद्दीवाल्यांच्या काट्यावर कागदाचे गठ्ठे चढू लागतात. मराठी छापील कागदाला दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्याएवढा वाईट काळ दुसरा नाही. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि तेव्हापासून आपण एका हाताने नवा अंक घरात घेतो, दुसऱ्या हाताने जुना बाहेर काढतो. आमचाही हा अंक कधीतरी त्या काट्यावर जाईल. त्याचं आम्हाला फारसं दुःख नाही, कारण दिवाळी अंकाच्या दोन-चार प्रती कुठल्या तरी वाचनालयात उरतातच. दुःख आहे ते त्याच गठ्ठ्यात खाली दबलेल्या आठ-बारा पानी कागदांचं. एखाद्या मठाचं त्रैमासिक, चर्चचं मंडळीपत्र, जातीच्या वा धर्माच्या सभेचं मुखपत्र, विवेकवाद्यांचं वार्तापत्र, समलिंगी माणसांच्या एखाद्या गटाने बंद पाकिटातून पाठवलेला अंक. यातल्या कित्येकांवर किंमतही नसते. कोपऱ्यात एवढंच छापलेलं असतं : खासगी वितरणासाठी.

यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग या कागदांवर आहे. सांगली-साताऱ्यातून असा विभाग निघावा याला कारण आहे. इतक्या तऱ्हेच्या श्रद्धा आणि अश्रद्धा एवढ्या दाटीने नांदणारा मुलूख शोधून सापडणार नाही. जत तालुक्यातल्या उमदीचे भाऊसाहेब महाराज घ्या. त्यांच्या इंचगेरी परंपरेचा एक फाटा गुरुदेव रानड्यांबरोबर निंबाळला आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात गेला. दुसरा सिद्धरामेश्वर महाराजांकडून निसर्गदत्त महाराजांच्या खेतवाडीतल्या माळ्यावर पोचला, आणि तिथे जगभरचे साधक येऊन बसू लागले. तिकडे माण तालुक्यात गोंदवलेकर महाराज, सज्जनगडावर समर्थ. मिरजेत १८९४ पासून डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचं ‘प्रगति आणि जिनविजय’ हे मुखपत्र सांगलीचं, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या चळवळीचं ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र’ही सांगलीचंच. भक्तांच्या मासिकात छापून येणाऱ्या अनुभवांवर वार्तापत्राने तुटून पडावं आणि दोन्ही अंक एकाच पोस्टमनने एकाच गल्लीत टाकावेत, हे आमच्याकडे नवल नाही.

सांगलीतच १९९२ मध्ये ‘संग्राम’ ही संस्था उभी राहिली. पुढे १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद आली, आणि त्याच वाटेने पुरुष व तृतीयपंथी देहविक्रय करणाऱ्यांची ‘मुस्कान’ ही संघटना. सौंदत्तीच्या वाटेवर डोक्यावर यल्लम्माचा जग घेऊन चालणारे, देवीला सोडलेले जोगते तर याहून कितीतरी जुने. त्यांना स्वतःचं छापील पान कधी मिळालं नाही. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आल्या नसत्या तर मध्यमवर्गीय वाचकाला त्यांची ओळख भिक्षेपलीकडे झाली नसती.

तरीही या गठ्ठ्यांकडे अजून कोणी अभ्यासकाच्या नजरेने पाहत नाही, आणि हे याच जिल्ह्यांत घडावं याचं आश्चर्य वाटतं. जुन्या कागदांची किंमत महाराष्ट्राला शिकवली ती याच मुलखाने. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला तो वाईत सापडलेल्या कागदांच्या जोरावर. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी साताऱ्यात बसून ‘इतिहाससंग्रह’ चालवला. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठ पालथे घालून बाडं जमवली आणि धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली. पण दप्तराच्या रुमालात बांधलं गेलं ते सरदारांचं आणि संतांचं. सायक्लोस्टाइल केलेल्या पानाला रुमाल कोण देणार?

असा रुमाल न मिळाल्यामुळे काय होतं ते ‘दीनबंधु’ने दाखवून दिलं आहे. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सत्यशोधकांचं हे पत्र सुरू केलं आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवलं. सत्यशोधक समाज हाही एक धर्मविचारच होता. मध्यस्थावाचून निर्मिकाशी नातं सांगणारा. त्या पत्राच्या सुरुवातीच्या वर्षांच्या सलग फाइली आज हाताशी नाहीत. मग अभ्यासक कुठे जातो? मुंबई सरकारच्या गोपनीय साप्ताहिक अहवालांकडे. देशी वृत्तपत्रांत काय छापून येतं यावर नजर ठेवण्यासाठी सरकारचे अनुवादक त्यातले उतारे इंग्रजीत करून साहेबापुढे ठेवत. सत्यशोधकांचा आवाज आपल्यापर्यंत येतो तो बराचसा या चाळणीतून. राज्यकारभाराला जे दखलपात्र, तेवढंच त्या चाळणीत अडकलं. कुठल्या गावात भटजीवाचून लग्न लागलं, मंगलाष्टकं कोणी म्हटली, त्यानंतर त्या घराचं पाणी कोणी तोडलं, वर्गणी कोणी थकवली, हे त्या अनुवादकाला कशाला हवं होतं? ज्यांनी पाळत ठेवली त्यांनीच जपणूक केली, म्हणून इतिहास त्यांच्या कुतूहलाएवढाच उरला.

उलट ‘ज्ञानोदय’ पाहा. अमेरिकन मिशनने अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू केलेलं हे पत्र अभ्यासकांना दशकानुदशकं चाळता आलं, कारण मिशनला कागद जपायची शिस्त होती. सातासमुद्रापारच्या मंडळाला अहवाल पाठवायचे, म्हणजे इथे फाइल लागायचीच. या दोन पत्रांतला हा फरक विचारांच्या कसाचा नाही, कपाटांचा आहे. आणि कपाट केवळ पैशाने मिळतं असंही नाही. मुकुंदराव पाटलांनी नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून १९१० पासून १९६७ पर्यंत, मरेपर्यंत, ‘दीनमित्र’ चालवला. त्याचे अंक टिकले आणि आज तरवडीला त्यांचं स्मारक आहे. डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ १९९० मध्ये पुन्हा छापून वाचकांपुढे आले ते वसंत मून या माणसाच्या चिकाटीमुळे.

वाळवा तालुक्यातल्या कासेगावात आयुष्य काढून २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेलेल्या डॉ. गेल ऑम्व्हेट यांनी ब्राह्मणेतर चळवळीवरचा प्रबंध लिहिला, त्यामागे अशीच पत्रं, पत्रकं आणि पुस्तिका होत्या. कर्मवीर भाऊराव पाटलांचंही तसंच आहे. ऐतवडे बुद्रुकच्या जैन घरातला हा मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातून काढला जातो, कारण अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर तो आंघोळ करायला नकार देतो. पुढे १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी तो रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवतो. या दोन घटनांमधलं अंतर समजून घ्यायचं तर जैन मुखपत्रं आणि सत्यशोधक पत्रं शेजारी ठेवूनच वाचावी लागतील. नुसत्या चरित्राने भागत नाही.

आता या विभागातला सर्वांत नाजूक भाग. समलिंगी माणसं मराठी छापील पानावर कधीपासून आहेत? नक्की दिसतात ती र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’मध्ये. हे मासिक १९२७ च्या जुलैत सुरू झालं आणि १९५३ मध्ये कर्व्यांबरोबरच संपलं. वाचकांच्या खासगी प्रश्नांना कर्वे छापील उत्तरं देत. त्यात हस्तमैथुनाचे प्रश्न असत, समलिंगी संबंधांचेही. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. कामविषयक लिहिलेलं सगळंच अश्लील ठरवता येणार नाही, हे त्यांचं म्हणणं न्यायालयाला पटलं नाही, आणि दोनशे रुपये दंड झाला. इथेही तीच गत. प्रकरण लक्षात राहिलं ते सरकारने कोर्टात खेचलं म्हणून. ज्याने धाडस करून पोस्टकार्ड किंवा पाकीट पाठवलं, तो प्रश्नकर्ता इतिहासात कुठेच नाही.

नंतर साडेपाच दशकांनी, १९९० मध्ये, अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ काढला. त्याच्या चार वर्षं आधीच कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आपल्या लोकांनी ‘त्रिकोण’ सुरू केलं होतं, आणि पुढे कोलकात्यात ‘प्रवर्तक’ निघालं. मराठीत २००२ पासून पुण्याच्या समपथिक ट्रस्टने आणि बिंदुमाधव खिरे यांच्या ‘पार्टनर’सारख्या पुस्तकांनी हे बोलणं घरापर्यंत आणलं. कलम ३७७ मधला डंख निघायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. तोवर असा अंक घरात सापडणं परवडणारं नव्हतं. वाचून झाल्यावर फाडून टाकणं, जाळणं किंवा रेल्वेच्या बाकावर विसरणं, हाच शहाणपणा होता. रद्दीवाल्याकडेही तो जायचा नाही, कारण रद्दीवाला ओळखीचा. म्हणून या अंकांची एकेक उरलेली प्रत मोलाची आहे. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये अशा कागदांचा आणि चित्रफितींचा एक संग्रह, ‘कामरा’, उभा राहिला आहे. मराठीत मात्र सारं अजून व्यक्तींच्या कपाटांत आहे.

मग मिळेल ते स्कॅन करून इंटरनेटवर टाकावं का? आमचं स्पष्ट मत आहे, नाही. विभागाची जुळवाजुळव करताना आमच्यात सर्वाधिक वाद याच मुद्द्यावर झाला. पत्रमैत्रीच्या रकान्यात वयाची पंचविशी न गाठलेल्या कुणी आपला गाव आणि पोस्टबॉक्स दिला, तो काही शे वाचकांवर विश्वास ठेवून. आज तो साठीला आलेला असेल, सून-नातवंडांत रमलेला असेल. नावावर बोट ठेवताच पान उघडेल अशी सोय करणं म्हणजे त्याचा तो विश्वास मोडणं. हा प्रश्न समलिंगी वाचकांपुरताही नाही. जट कापून घेतलेल्या बाईचा फोटो, भानामतीच्या प्रकरणातल्या मुलीचं नाव, धर्मांतर केलेल्या कुटुंबाचा पत्ता, समाजाने वाळीत टाकलेल्या जोडप्याची बातमी : छोट्या वर्तुळात छापताना जी इजा होत नव्हती, ती मोठ्या वर्तुळात होऊ शकते. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की मग ठेवायचंच कशाला, विसरून जाण्याचाही माणसाला हक्क आहे. हे म्हणणं आम्ही उडवून लावलेलं नाही. पण जपणं वेगळं आणि खुलं करणं वेगळं. अंक जपावा, यादी करावी, नावांची पानं पन्नास वर्षं बंद ठेवावीत, आणि किल्ली त्या त्या समाजाकडे असावी. विद्यापीठाकडेही नको, आमच्याकडे तर नकोच.

दुसरा आक्षेप विवेकवादी मित्रांचा. बुवाबाजीची जाहिरात करणारी मासिकं कशासाठी जपायची? आमचं उत्तर असं की बुवाबाजीचा छापील पुरावा नेमका तिथेच असतो. आणि दर वेळी बुवाबाजीच असते असंही नाही. एकट्या पडलेल्या विधवेला आठवड्याचं एक ठिकाण, दारू सुटलेल्या नवऱ्याला चार सोबती, एवढंच त्यातल्या कित्येक पानांत असतं.

आता कामाचं. १९९० ते २०१० या काळातले अंक कागदावर नसले तरी संगणकावर असतील, या भ्रमात राहू नका. ते श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत आणि पेजमेकरमध्ये जुळवलेले आहेत. आज फाइल उघडली तरी अक्षरांच्या जागी कचरा दिसतो. छापील प्रत हाच भरवसा. तिच्या गंजक्या पिना हलक्या हाताने काढा आणि सुती दोऱ्याने बांधा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. दोन्हींनी कागद मरतो. वर्गणीची पावती, पत्त्याचं वेष्टन, समासातली शाईची खूण फेकू नका. अंक कुठवर पोचत होता हे त्यावरूनच कळतं. स्कॅन तीनशे डीपीआयपेक्षा कमी नको.

आणि एक प्रत कृष्णाकाठापासून दूर ठेवा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा नगरवाचनालयातली हजारो पुस्तकं भिजली. घरांतल्या ट्रंकांचा तर हिशेबच नाही. दोन वर्षांनी पुन्हा पूर आला. भिजलेला गठ्ठा घाईने उलगडू नये, उन्हात टाकू नये. लगेच वाळवणं जमत नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोठवणाऱ्या फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे बुरशी थांबते. मग सवडीने थोडा थोडा काढून, पानांमध्ये कोरा कागद घालून, सावलीत पंख्याखाली वाळवावा.

या अंकाच्या शेवटच्या पानावर एक कोरी यादी छापली आहे : पत्राचं नाव, गाव, वर्ष, किती अंक, कोणत्या अवस्थेत. ती भरून आमच्याकडे पाठवा. स्वतःचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. मूळ अंक मात्र पाठवू नका, ते जिथे आहेत तिथेच राहू द्या.