आधी डॉक्टर हो, मग लिही!

मंडळी, दिवाळीच्या फराळाला जमलेल्या आपल्या रीडिंगकर पालकांच्या घोळक्यात अर्धा तास उभे राहिलात, तर एक वाक्य कानावर पडणारच. "लिहिते छान हो, पण आता मेडिकल म्हटल्यावर ते सगळं बंद!" बोलणाऱ्याच्या आवाजात खंत नसते, असतो तो अभिमान. जणू मुलीने सिगारेटच सोडली!

मी डॉक्टर नाही. एम.एस्सी. करायला ह्या देशात आलो आणि आयटीत कन्सल्टन्सी करून पोट भरतो. तेव्हा "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" असे म्हणायला सारे मोकळे आहेत. तरीही मला हे वाक्य साफ चुकीचे वाटते, आणि त्यामागचे ढोंग तर फारच खुपते.

ढोंग अशासाठी की यूकॅसचा अर्ज भरायची वेळ आली की त्याच मुलीच्या कथा, शाळेच्या मासिकातले तेच लेख आपण हौसेने पुढे करतो. 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व' दाखवायचे असते ना! प्रवेश मिळाला की वह्या माळ्यावर. ज्या घरात हे घडते, त्याच घरात डॉ. अनिल अवचटांची पुस्तके विमानाच्या वजनात कशीबशी बसवून आणलेली असतात, आणि डॉ. रवी बापटांचे 'वॉर्ड नंबर पाच, केईएम' हातोहात फिरते. डॉक्टरांनी लिहिलेले आपल्याला हवे असते. फक्त ते दुसऱ्यांच्या घरातल्या डॉक्टरांनी लिहावे!

"पण अभ्यास केवढा असतो!" हे मात्र खरे. पाच वर्षांचा कोर्स, वॉर्डातल्या फेऱ्या, परीक्षा. परीक्षेच्या महिन्यात कोणी कादंबरी लिहू नये, इतपत मलाही मान्य. पण चेकॉव्ह 1879 साली मॉस्कोला मेडिकलला गेला आणि 1884 मध्ये डॉक्टर झाला. मधल्या काळात मासिकांना विनोदी गोष्टी विकून त्याने घर चालवले. पुढे तो प्रसिद्ध लेखक झाला, तरी 1892 च्या कॉलऱ्याच्या साथीत खेडोपाडी रोगी तपासत होता. आपल्या मुलांवर तर घर चालवायची जबाबदारीही नाही.

खरी भीती वेगळीच आहे, आणि ती कोणी मोठ्याने बोलत नाही. लिहायला लागली की डॉक्टरकी सोडेल! अवचट पुण्याच्या बी.जे. मेडिकलचे, 1969 मध्ये 'पूर्णिया' आले आणि प्रॅक्टिस मागे पडली. इथल्या अ‍ॅडम के यांनी 2010 मध्ये एनएचएस सोडली आणि 2017 मध्ये त्यांच्या डायऱ्यांचे पुस्तक गाजले. झाले, पालकांच्या हाती पुरावा! पण के यांनी स्वतःच सांगितले आहे की एका बाळंतपणात घडलेल्या भीषण प्रसंगानंतर ते बाहेर पडले. डायरी तर ते आधीपासूनच लिहीत होते. आणि अवचटांनी 1986 मध्ये पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह व्यसनमुक्तीसाठी 'मुक्तांगण' उभे केले, ती काय डॉक्टरकी सोडल्याची खूण म्हणायची?

आपल्या गावाचेच पहा. रीडिंगच्या तुरुंगात 1895 ते 1897 ऑस्कर वाइल्ड होता, हे आपण पाहुण्यांना हमखास दाखवतो (2021 पासून बँक्सीच्या चित्रासह). त्याचे वडील सर विल्यम वाइल्ड डब्लिनचे नामांकित कान-डोळ्यांचे सर्जन. 1852 साली त्यांनी आयरिश लोकसमजुतींवर पुस्तक काढले आणि 1853 मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेवर! रोग्याचे गाऱ्हाणे आणि खेडुताची गोष्ट एकाच कानाने ऐकणारा माणूस.

मुद्दा तिथेच आहे. आपल्याकडे सुटीला आलेल्या एखाद्या आजींना रॉयल बर्कशायरमध्ये नेले, तर त्या म्हणतील, "कळ येते", "ठणकतंय", "चमक मारते", "मुंग्या येतात", "चुरचुरतं". दुभाषाने ह्या सगळ्याला 'पेन' म्हटले की निम्मे निदान तिथेच वाहून गेले. कळ आणि ठणका ह्यांतला फरक ज्या मुलीला ऐकू येतो, ती शब्दांशी खेळलेली असते. तो खेळ तुम्ही सतराव्या वर्षी थांबवता. बरे, इथली व्यवस्था तर शिकाऊ डॉक्टरांकडून अनुभवांवर लेखी चिंतन मागतेच. पण नाइलाजाने भरलेला रकाना आणि मनापासून लिहिलेले पान एक नव्हे. (आमच्या आयटीतली डॉक्युमेंटेशन्स वाचली आहेत का कधी?)

आणखी एक. ए-लेव्हलला केमिस्ट्री-बायॉलॉजी घेतल्यावर तिसरा विषय गणितच हवा, असा आपल्यात दंडक आहे. तो कोणी घातला? काही अपवाद सोडले, तर बऱ्याच मेडिकल स्कूलना तिसरा विषय इंग्रजी साहित्य असलेला चालतो. कित्येक ठिकाणी मधले एक वर्ष काढून वेगळी पदवी घेता येते, काही ठिकाणी तर साहित्य आणि वैद्यकाची एकत्र. संस्थेची हरकत नाही. हरकत आहे ती आपल्या दिवाणखान्याची.

दर वर्षी ह्या स्मरणिकेत मेडिकलला प्रवेश मिळालेल्या मुलांचे फोटो छापले जातात, खाली ग्रेड. संपादक मंडळाला मी लेखी विनंती केली आहे: पुढच्या अंकात प्रत्येक फोटोखाली ग्रेडऐवजी त्या मुलाने त्या वर्षी लिहिलेला एक परिच्छेद छापा, मराठीत किंवा इंग्रजीत. ज्यांच्याकडे द्यायला काहीच नसेल, त्यांच्या फोटोखाली जागा कोरी ठेवा.