पदवीची अट कोठे आहे?

संपादक महाशय,

पदवी नसलेल्या आयटीआय उत्तीर्ण वायरमनला ऑस्ट्रेलियातील भावाकडे पर्यटक म्हणून जाऊन काम शोधण्यावाचून गत्यंतर नाही, हे आपल्या लेखकाचे विधान निराधार तर आहेच, परंतु पाथर्डीसारख्या तालुक्यातील तरुणांना बेकायदा मजुरीत लोटणारे म्हणून घातकही आहे. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन वगळून अन्यत्र राहणाऱ्या, कायम वास्तव्याचा हक्क असलेल्या भावाने पुरस्कृत केल्यास ४९१ क्रमांकाच्या, कुशल कामगारांसाठीच्या व्हिसाकरिता पात्रतेचे १५ गुण मिळतात. किमान ६५ गुण, ४५ वर्षांखालील वय, इंग्रजीची परीक्षा, तेथील सरकारच्या यादीतील व्यवसाय आणि कौशल्याची अधिकृत तपासणी या गोष्टी हव्यात, पदवी नव्हे. या मार्गाने विलंब होतो, हे मान्य. काही देशांत नोकरीसाठी जाताना भारत सरकारच्या उत्प्रवासी संरक्षकाचा दाखला लागतो, त्याची भीती मात्र अनाठायी. तो सक्तीचा असलेल्या देशांत ऑस्ट्रेलिया नाही. दुरुस्ती पुढील अंकी छापावी.

आपला,
एक वाचक, पाथर्डी